नऊ जीन्स, दोन फाकलेले वक्र आणि गाइडचं ‘मग?’ : किडनीच्या कॅन्सरमध्ये जीन एक्सप्रेशनवरून सर्व्हायव्हलचा अंदाज

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. तुम्ही टीसीजीए या अमेरिकन कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा क्लिअर सेल किडनी कॅन्सरचा (किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) डेटा, म्हणजे केआयआरसी, उतरवून घेतलात. ट्युमर आणि नॉर्मल सँपल्सची तुलना करून ज्यांचं एक्सप्रेशन, म्हणजे जीन किती चालू आहे त्याचं माप, बदललंय असे जीन्स काढलेत. त्यातल्या एकेका जीनवर कॉक्स मॉडेल (एखाद्या घटकाचा पेशंट किती जगतो याच्याशी संबंध मोजणारं) चालवलंत, जे सिग्निफिकंट आले ते लॅसोत (पेनल्टी लावून कमी कामाचे जीन्स शून्यावर आणणाऱ्या पद्धतीत) घातलेत, नऊ उरले. त्यांचा रिस्क स्कोअर केलात, मेडियनवर, म्हणजे रांगेतल्या मधल्या स्कोअरवर, पेशंटचे दोन गट पाडलेत. कॅप्लन-मायरचे, म्हणजे काळागणिक किती पेशंट जिवंत आहेत ते दाखवणारे, दोन वक्र झकास फाकले, पी-व्हॅल्यू ०.०००१ च्या खाली आली. आणि गाइड म्हणाल्या, ‘‘मग?’’ त्यात भर म्हणून सीड (कॉम्प्युटरच्या चिठ्ठ्या जिथून सुरू होतात तो आकडा) बदललं की नऊतले पाच-सहा जीन्स बदलतात. म्हणून तुम्ही विचारताय: जीन्स किती घ्यावेत, लॅसोऐवजी रँडम फॉरेस्ट किंवा डीप लर्निंग वापरावं का, आणि हे मॉडेल आपल्याकडच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटवर चालेल का.

गाइडचा प्रश्न रास्त आहे, आणि तो जीन्सच्या संख्येबद्दल नाहीच. ऑपरेशन झालंय, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट टेबलावर आहे. स्टेज, ग्रेड, गाठीचा आकार, पेशंटचं वय हे सगळं डॉक्टरला दिसतंय. त्यापेक्षा तुमचा स्कोअर काही जास्त सांगतो का? आणि ते जास्तीचं, स्कोअर बनवताना तुम्ही ज्यांना पाहिलंच नव्हतं अशा पेशंटमध्ये टिकतं का? लॅसो की फॉरेस्ट, नऊ की नव्वद, हा सगळा वाद या दोन प्रश्नांनंतरचा. मी बरीच वर्षं कॅन्सरच्या डेटावर संख्याशास्त्राचंच काम करतोय. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक पेपरांत या दोन प्रश्नांना बगल दिलेली असते, आणि वक्र मात्र चार रंगांत छापलेले असतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच कबूल करतो. तुम्हाला ट्युमरचं जीवशास्त्र समजून घ्यायचं असेल तर जीन्सची यादी महत्त्वाची. पेशंटला सल्ला द्यायचा असेल तर यादी दुय्यम, अंदाज किती खरा ठरतो ते महत्त्वाचं. शिवाय गाठ किडनीपुरतीच असलेला पेशंट आणि फुफ्फुसात पसरलेला पेशंट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात आपण विचारतो की आजार परत येईल का, दुसऱ्यात विचारतो की कुठलं औषध चालेल. केआयआरसीमध्ये दोन्ही प्रकारचे लोक एकत्र आहेत: साधारण निम्मे स्टेज एकचे, आणि सहाव्या हिश्श्याच्या आसपास स्टेज चारचे. एवढा फरक असलेल्या घोळक्यात वक्र फाकवणं फारसं अवघड नाही.

आता पी-व्हॅल्यूकडे वळू. किडनीच्या या कॅन्सरमध्ये सिग्निफिकंट जीन सापडणं ही बातमी नाही, न सापडला तर बातमी. २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त १६ जीन्सचा एक रिकरन्स स्कोअर प्रसिद्ध झाला. तो बनवताना ९४२ पेशंटमध्ये कॅन्सरशी संबंधित ७३२ जीन्स तपासले होते, आणि त्यातल्या ५१६ जीन्सचा आजार परत येण्याशी संबंध निघाला. म्हणजे डोळे मिटून यादीत बोट ठेवलंत तरी दहांत सात वेळा ‘प्रॉग्नॉस्टिक जीन’, म्हणजे आजाराचं पुढे काय होईल ते सांगणारा जीन, हाती लागेल. अशा जंगलात नऊ जीन्सचा वक्र फाकला याचं अप्रूप गाइडना कशाला वाटेल?

याच मुद्द्यावर स्तनाच्या कॅन्सरमधलं २०११ सालचं एक काम मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावतो. व्हेने आणि सहकाऱ्यांनी आधी छापल्या गेलेल्या ४७ सिग्नेचर, म्हणजे तुमच्या नऊ जीन्ससारखे अंदाज सांगणारे जीन्सचे संच, घेतल्या आणि प्रत्येकीची तुलना तेवढ्याच आकाराच्या, चिठ्ठ्या टाकून उचललेल्या जीन्सच्या सिग्नेचरशी केली. निम्म्याहून जास्त सिग्नेचर चिठ्ठ्यांपेक्षा धड सरस ठरल्या नाहीत. शंभरावर जीन्सची कुठलीही आंधळी सिग्नेचर घेतली तर ती दहांत नऊ वेळा सिग्निफिकंट यायची. त्यात कहर म्हणजे जेवणानंतर हसल्यावर बदलणाऱ्या जीन्सची एक सिग्नेचर होती, तीसुद्धा स्तनाच्या कॅन्सरमधलं सर्व्हायव्हल ‘सांगत’ होती. कारण सरळ आहे. पेशी किती वेगानं वाढतायत या एकाच गोष्टीचा धागा निम्म्याअधिक जीनोममधून ओवलेला असतो. कुठलाही मणी ओढा, माळ हलतेच.

किडनीत असे धागे दोन-तीन आहेत. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तिसऱ्या क्रोमोसोमची आखूड बाजू गळालेली असते. व्हीएचएल हा जीन तिथलाच, आणि पीबीआरएम१, एसईटीडी२, बीएपी१ हेही तिथलेच शेजारी. व्हीएचएल गेला की पेशीला कायम ऑक्सिजन कमी पडल्याचा भास होतो, एचआयएफ प्रथिनं साचतात आणि रक्तवाहिन्या वाढवणारे जीन्स चालू राहतात. २०१३ साली ‘नेचर’मध्ये टीसीजीएचा जो मूळ पेपर आला, त्यात दिसलं की वाईट निकालाच्या, म्हणजे पेशंट लवकर दगावलेल्या, ट्युमरमध्ये चयापचयच वळण घेतं. पेशीला ऊर्जा देणाऱ्या क्रेब्ज चक्राचे जीन्स उतरतात आणि नव्या पेशींना कच्चा माल पुरवणाऱ्या पेन्टोज फॉस्फेटच्या वाटेचे चढतात. दुसरा धागा रक्तवाहिन्यांचा. इथे नवखा माणूस हमखास चकतो: भरपूर रक्तवाहिन्या म्हणजे वाईट असं वाटतं, पण या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्यांचे जीन्स जास्त असणं हे सहसा बरं लक्षण. तिसरा रोगप्रतिकाराचा, आणि तोही उलटा. बहुतेक कॅन्सरमध्ये गाठीत कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी शिरल्या तर पेशंटचं भलं होतं. क्लिअर सेलमध्ये त्या वाईट निकालाशी जोडलेल्या दिसल्या आहेत. तुमच्या नऊ जीन्सकडे एकदा या नजरेनं बघा. बहुधा प्रत्येक जीन यांपैकी कुठल्यातरी धाग्याचा मणी निघेल.

करून बघण्यासारखं एक काम आजच सांगतो, अर्ध्या दिवसात होईल. एक्सप्रेशन असलेल्या सगळ्या जीन्समधून नऊ जीन्स चिठ्ठ्या टाकून उचला, तुमचीच पद्धत वापरून स्कोअर बनवा आणि निकाल लिहून ठेवा. असं हजारदा करा. मग त्या हजार निकालांच्या रांगेत तुमचा स्कोअर कितवा आहे ते बघा. पहिल्या पन्नासात असेल तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. मधेच कुठेतरी असेल तर गाइडच्या ‘मग?’चं उत्तर तुम्हाला मिळालं.

दुसरी अडचण तुमच्या पहिल्याच पायरीत आहे, ती म्हणजे ट्युमर विरुद्ध नॉर्मल. ही गाळणी जवळजवळ सगळेच लावतात, आणि का लावतात ते मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. ट्युमर नॉर्मलपेक्षा कसा वेगळा आहे हा एक प्रश्न; दोन ट्युमरपैकी कुठला माणसाला लवकर मारेल हा दुसरा. तुमच्या यादीत ‘ट्युमरमध्ये कमी झालेले’ म्हणून सगळ्यात वर काय आहे ते उघडून बघा. यूएमओडी असेल, एक्यूपी२ असेल, कदाचित एनपीएचएस२ही असेल. यूएमओडी हेन्लेच्या वळणाच्या जाड चढत्या भागात बनतो, एक्यूपी२ कलेक्टिंग डक्टमध्ये, एनपीएचएस२ ग्लोमेरुलसच्या पोडोसाइट पेशींत. क्लिअर सेल कॅन्सर उगवतो प्रॉक्सिमल ट्युब्यूल या किडनीच्या वेगळ्याच भागातल्या पेशींतून. म्हणजे हे जीन्स ‘कमी झाले’ असं नाही, त्या पेशीच त्या तुकड्यात नाहीत. नॉर्मल किडनीच्या तुकड्यात नेफ्रॉनचे सगळे भाग आहेत, गाठीत फक्त एका भागाची पिलावळ.

वर गेलेल्या जीन्सची गोष्ट आणखी गमतीची. सीए९ तुमच्या यादीत नक्की वरच्या नंबरांत असणार. व्हीएचएल गेल्यामुळे तो जवळजवळ प्रत्येक क्लिअर सेल ट्युमरमध्ये पेटलेला असतो, म्हणून पॅथॉलॉजिस्टला निदानासाठी तो फार कामाचा. पण निकालाच्या बाबतीत जुन्या अभ्यासांत त्याचं प्रथिन कमी असलेल्यांचीच गत वाईट दिसली होती. ‘ट्युमरमध्ये जास्त म्हणून वाईट’ असं गृहीत धरून गोष्ट रचायला जाल तर इथेच पाय घसरेल. ही गाळणी काढून टाका. त्याऐवजी फार कमी एक्सप्रेशन असलेले आणि पेशंटगणिक जवळजवळ न बदलणारे जीन्स वगळा. या गाळणीला कोण जगला, कोण गेला याची खबर नसते, म्हणून ती निर्धोक.

आता पेपरफुटीकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की डेटा ७०-३० असा फोडला आणि टेस्टमध्येही निकाल चांगला आला. पण एकेका जीनवरचा कॉक्स तुम्ही कधी चालवलात? फोडण्याआधी, सगळ्या पेशंटवर. म्हणजे परीक्षेचा पेपर आधीच फुटला. ज्या तीस टक्क्यांवर परीक्षा घ्यायची, त्यांच्याकडे पाहूनच तुम्ही जीन्स निवडलेत. त्यांना नंतर ‘टेस्ट सेट’ म्हटलं म्हणून ते अनोळखी होत नाहीत. जीन निवडणं, लॅसोची पेनल्टी ठरवणं, कट-ऑफ शोधणं, निकालाकडे पाहून केलेलं प्रत्येक काम क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (डेटाचे भाग पाडून दरवेळी एका भागावर परीक्षा घेण्याच्या) घडीच्या आत, दरवेळी नव्यानं व्हायला हवं. मी स्वतः यात पोळलोय. सुरुवातीच्या वर्षांत असाच एक स्कोअर बनवला, आमच्या आकड्यांत तो देखणा होता. दुसऱ्या एका केंद्राच्या सँपल्सवर लावला आणि जमीनदोस्त झाला. शोधता शोधता दोन कारणं सापडली. एक हीच पेपरफुटी. दुसरं असं की गंभीर पेशंटची बरीच सँपल्स एकाच ठिकाणाहून, एकाच खेपेत आली होती. आम्ही आजार मोजतोय असं समजून ती खेप मोजत होतो.

तेव्हापासून मॉडेलला हात लावण्याआधी मी तक्ता वाचतो, ओळ न् ओळ. तुमच्या डेटात तीन जागा तपासा. पहिली म्हणजे सर्व्हायव्हलचा कॉलम. जिवंत पेशंटचं ‘डेज टू डेथ’ रिकामं असतं, त्यांची वेळ ‘डेज टू लास्ट फॉलो-अप’मध्ये असते. रिकाम्या ओळी वगळणारी एक कमांड चालवली की सगळे जिवंत लोक गायब होतात आणि फक्त मेलेल्यांवर मॉडेल बनतं. हसू नका, छापून आलेल्या कामांत हे पाहिलंय. दुसरी जागा बारकोड. टीसीजीएच्या बारकोडमधली चौदावी आणि पंधरावी अक्षरं बघा: ०१ म्हणजे मूळ गाठ, ११ म्हणजे त्याच माणसाचं नॉर्मल. नॉर्मलच्या सत्तरेक फायली सर्व्हायव्हलच्या मॉडेलमध्ये चुकून राहिल्या तर मॉडेलला ‘नॉर्मलसारखं दिसणं’ शिकायला मिळतं. आणि एकाच पेशंटची दोन सँपल्स असली तर एक ट्रेनिंगमध्ये, दुसरं टेस्टमध्ये असं होतं. म्हणून डेटाची वाटणी पेशंटच्या नावानं करायची, सँपलच्या नाही. तिसरी जागा निदान. केआयआरसीतल्या काही केसेस फेरतपासणीत क्लिअर सेल नसल्याचं आढळलंय, त्यात क्रोमोफोबही निघाले. क्रोमोफोब हा तुलनेनं सौम्य प्रकार, त्याचं एक्सप्रेशन पार वेगळं. अशा मूठभर पाहुण्यांमुळेही एखादा जीन उगाच हिरो होतो.

मेडियनवर दोन गट पाडण्याबद्दल थोडक्यात. रांगेत २६६ वा पेशंट आणि २६७ वा पेशंट यांच्या स्कोअरमध्ये केसाइतका फरक, पण एक ‘लो रिस्क’, दुसरा ‘हाय रिस्क’. आणि हाय रिस्कमधला पहिला आणि शेवटचा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असून दोघांना एकच बिल्ला. हातात असलेली माहिती कोण अशी फेकून देतं? स्कोअर आकडा म्हणूनच मॉडेलमध्ये ठेवा. वक्र दाखवायचेच असतील तर शेवटी, चित्रापुरते. आणि पी-व्हॅल्यू सर्वांत लहान येईल तो कट-ऑफ शोधून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं की असा ‘ऑप्टिमल’ कट-ऑफ शोधल्यावर पाच टक्क्यांची समजली जाणारी चूक चाळीस टक्क्यांच्या घरात जाते.

आता मूळ तुलना. मी विद्यार्थ्याला दोनच मॉडेल करायला सांगतो. पहिल्यात वय, स्टेज, ग्रेड. दुसऱ्यात तेच अधिक तुमचा स्कोअर. दोन्ही त्याच घड्यांवर, त्याच पेशंटवर. मग सी-इंडेक्स काढायचा. सी-इंडेक्स म्हणजे काय ते घरगुती भाषेत सांगतो: कुठलेही दोन पेशंट घ्या, त्यांतला आधी कोण जाईल हे मॉडेलनं ओळखायचं. छापा-काटा केला तर ०.५, दरवेळी बरोबर आलं तर १. केआयआरसीत नुसतं वय, स्टेज आणि ग्रेड घेऊन सी-इंडेक्स ०.७५ च्या आसपास जातो. तुमच्या स्कोअरचा पाच वर्षांचा एयूसी ०.७८ आहे म्हणता. एयूसी, म्हणजे पाच वर्षांत कोण जाईल आणि कोण नाही हे किती नीट ओळखलं त्याचा आकडा, वेगळ्या मापाचा आहे, पण तो बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो: पॅथॉलॉजिस्टनं मायक्रोस्कोपमधून फुकटात जेवढं सांगितलं, तेवढंच तुम्ही आरएनए सिक्वेन्सिंगचा खर्च करून सांगताय का? २०१४ साली टीसीजीएच्या चार कॅन्सरवर नेमका हाच हिशेब मांडला गेला, त्यात केआयआरसी होता. क्लिनिकल माहितीत रेणूंची माहिती घातल्यावर फायदा झाला, पण तो मर्यादितच होता. तो वाचून मन खट्टू होऊ देऊ नका. फायदा थोडा असला आणि खरा असला तर तो लिहिण्यासारखा आहे. फक्त तो दाखवावा लागतो. ‘मल्टिव्हेरिएट कॉक्समध्येही आमचा स्कोअर सिग्निफिकंट राहिला’ हे वाक्य त्यासाठी पुरत नाही. सोबत कॅलिब्रेशनही बघा: ज्यांना मॉडेल पाच वर्षांत तीस टक्के धोका सांगतं, अशा शंभरांतले खरोखर तीसेक गेले का? डॉक्टर पेशंटला टक्केवारी सांगणार आहे, क्रमांक नाही.

इथे एक गोष्ट सहज निसटते. तुम्ही मोजताय ‘ओव्हरऑल सर्व्हायव्हल’, म्हणजे कुठल्याही कारणानं आलेला मृत्यू. स्टेज एकच्या माणसाची गाठ काढली की या कॅन्सरनं तो मरण्याची शक्यता कमी असते. तो सत्तरीचा असेल तर हृदयविकारानं जाण्याचीच शक्यता जास्त. मग तुमचा स्कोअर कॅन्सर ओळखतोय की वय? टीसीजीएच्या पेशंटसाठी २०१८ मध्ये ‘सेल’मध्ये सुधारित क्लिनिकल तक्ता आला, त्यात कॅन्सरमुळे झालेले मृत्यू आणि आजार पुढे सरकण्याची वेळ असे वेगळे कॉलम आहेत. त्यांवर तेच मॉडेल परत चालवा. उत्तर बदललं तर ते लपवू नका, पेपरमधला तोच परिच्छेद सगळ्यात वाचनीय होईल.

सीड बदललं की जीन्स बदलतात, याची तुम्हाला वाटते तेवढी काळजी मला वाटत नाही. पेशी विभाजनाचे पन्नासेक जीन्स एकमेकांबरोबर चढतात-उतरतात, जणू दिंडीतले वारकरी. लॅसोचा स्वभाव असा की सगळी दिंडी एकच गोष्ट सांगतेय म्हटल्यावर तो एकाला पुढे ओढतो, बाकीच्यांना शून्य देतो. पेशंट थोडे इकडचे तिकडे झाले की दुसऱ्याला ओढतो. म्हणून ‘आमचे नऊ जीन्स’ हे वाक्यच लिहू नका. दोन सीडच्या दोन स्कोअरमधला सहसंबंध गुणांक काढा. तो चांगला वर असेल तर जीन्स बदलले तरी माप तेच आहे. तो घसरलेला असेल तर मात्र गडबड आहे. मी स्वतः शक्यतो लॅसोऐवजी इलास्टिक नेट किंवा रिज (दिंडीतल्या सगळ्यांना थोडं थोडं वजन देणारी लॅसोची भावंडं) घेतो, किंवा आधी जीन्सचे गट करून प्रत्येक गटाची सरासरी घेतो: विभाजन, रक्तवाहिन्या, चयापचय, प्रतिकार. १६ जीन्सच्या त्या स्कोअरमध्येही हेच आहे. अकरा कॅन्सरचे जीन्स रक्तवाहिन्या, पेशींची वाढ, प्रतिकार आणि दाह अशा गटांत वाटलेत, आणि पाच जीन्स फक्त मोजमाप सारखं करायला ठेवलेत.

रँडम फॉरेस्ट, डीप लर्निंग? पेशंट साधारण ५३० असले तरी मॉडेलला शिकवतात ते मृत्यू, आणि ते जेमतेम एक तृतीयांश आहेत. पावणेदोनशेच्या आसपास मृत्यू आणि हजारो जीन्स, एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर खोल नेटवर्कला काय शिकवणार? रँडम सर्व्हायव्हल फॉरेस्ट चालवून बघायला हरकत नाही, मी चालवतो. पण पेनल्टी घातलेल्या साध्या कॉक्सपेक्षा ते लक्षणीय पुढे गेलं तर माझा पहिला संशय पेपरफुटीवर जातो.

इथवरचं थोडक्यात: नॉर्मलची गाळणी काढा, तक्ता आणि बारकोड तपासा, सगळी निवड घडीच्या आत करा, स्कोअर तोडू नका, वय-स्टेज-ग्रेडच्या पुढे काय मिळतं ते दाखवा आणि चिठ्ठ्यांच्या हजार स्कोअरशी तुलना करा. यातलं पाचवं गाइडना दाखवलंत तरी ‘मग?’ पुन्हा येणार नाही.

राहिला बाहेरच्या पेशंटचा प्रश्न. जपानमधल्या पेशंटच्या डेटाचा ई-एमटॅब-१९८० हा संच सगळे वापरतात. चांगला आहे, पण पेशंट शंभराच्या आसपास आणि मृत्यू त्याहून बरेच कमी. बाहेरच्या पडताळणीसाठी किमान शंभर मृत्यू किंवा पुनरागमनं असावीत असा ठोकताळा आहे. त्यामुळे तिथे स्कोअर पास झाला तरी हुरळू नका, नापास झाला तरी खचू नका. शिवाय तो मायक्रोअ‍ॅरे या जुन्या तंत्राचा, तुमचा आरएनए-सिक्वेन्सिंगचा. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या. केआयआरसीचा मेडियन तिथे नेऊन लावणं म्हणजे शेराच्या मापानं किलो मोजणं. आणि तिथे नवा मेडियन काढून ‘व्हॅलिडेट झालं’ म्हणणं ही पळवाट, कारण समोर बसलेल्या एकट्या पेशंटचा मेडियन कुठून आणणार?

त्याहून मोठी अडचण गाठीतच आहे. २०१२ साली गर्लिंगर आणि सहकाऱ्यांनी किडनीच्या एकाच गाठीतले वेगवेगळे तुकडे तपासले. जवळपास दोन तृतीयांश म्युटेशन्स सगळ्या तुकड्यांत नव्हती. आणि तुमच्या कामाचं म्हणजे एकाच गाठीच्या एका तुकड्यात चांगल्या निकालाची जीन सिग्नेचर होती, दुसऱ्यात वाईट निकालाची. म्हणजे पॅथॉलॉजिस्टचा चाकू कुठे पडला यावर पेशंटचं भविष्य. यावर पक्का उपाय नाही. एकापेक्षा जास्त तुकडे घेऊन सर्वांत वाईट किंवा सरासरी स्कोअर धरता येतो, पण केआयआरसीत बहुतेकांचा एकच तुकडा आहे, त्यामुळे तिथे ही मर्यादा लिहूनच ठेवावी लागते.

आपल्याकडच्या पेशंटवर चालेल का? जसंच्या तसं नाही. टीसीजीएचा टिश्यू गोठवलेला. आपल्याकडे कपाटात असतात ते फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेले ब्लॉक, आणि त्यात आरएनएचे तुकडे पडलेले असतात. १६ जीन्सचा स्कोअर मुद्दाम अशाच ब्लॉकसाठी बांधला होता, म्हणून त्यात मोजमाप सारखं करणारे पाच जीन्स आहेत. तुमच्या नऊंपैकी ब्लॉकमधून नीट मोजता येतील ते किती, हे आधी दहा-बारा ब्लॉकवर बघावं लागेल. दुसरं, काळ बदललाय. केआयआरसीतले पेशंट आजच्या इम्युनोथेरपीच्या आधीचे. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला किडनी कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणि ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे तशाच प्रकारचं औषध द्यावं हे सांगणारी चाचणी २०२१ मध्ये छापून आली. स्टेज चारचा माणूस तेव्हा जेवढा जगत होता, तेवढाच आजही जगेल असं मॉडेलनं सांगितलं तर ते जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढण्यासारखं होईल. जीन्सचं वजन बहुधा बरंचसं टिकेल, पण धोक्याची टक्केवारी आपल्या पेशंटवर नव्यानं बसवावी लागेल.

म्हणून पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन आकडे द्या: तुमच्या हॉस्पिटलकडे क्लिअर सेलचे किती ब्लॉक आहेत, त्यातला सर्वांत जुना कुठल्या सालचा आहे, आणि त्यातल्या किती पेशंटचा फॉलो-अप पाच वर्षांपलीकडे गेलाय. रजिस्टर चाळून फोन नंबर बंद पडलेल्यांची संख्याही वेगळी लिहा. ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ झालेले खेड्यापाड्यातले पेशंट आणि नियमित येणारे शहरातले पेशंट हे सारखे आजारी नसतात, आणि सेन्सॉरिंगचं गृहीतक, म्हणजे फॉलो-अप तुटलेले आणि न तुटलेले सारख्याच धोक्यात असतात हे, तिथेच मोडतं. एवढं कळलं की किती सँपल्स लागतील याचा हिशेब मी करून देतो.